चौदा नंबरची बुरशी

“ताई, ही चौदा नंबर नाही वाटत मले.”

मयुराने काचेची प्लेट खिडकीच्या उजेडात धरली होती आणि ती तिला खालून-वरून न्याहाळत होती. भावनाच्या हातात नुकत्याच धुतलेल्या काचनळ्यांची टोपली होती. तिने ती टेबलावर ठेवली, अॅप्रनला हात पुसले आणि जणू ऐकूच आलं नाही अशी दुसऱ्या टोपलीकडे वळली. ऐकू तर चांगलं आलं होतं. हे वाक्य कुणीतरी कधीतरी बोलणार, हे तिला दिवाळीपासून ठाऊक होतं. रोज सकाळी कॉलेजची पायरी चढताना ती मनात म्हणायची, आज नको.

“ताई, तुमालेच म्हणून राहिली मी.”

“काहून? नंबर टाकला आहे नं वरतं.”

“नंबर आहे. पण उलटी करून पाहा ना. लाल कुठं आहे? मागच्या वर्षी कशी जांभळं चिरडल्यासारखी दिसे खालून. आता नुसता कापूस! अन् तरोट्याच्या अर्कानं त पुरी साफ. मागच्या वर्षी हीच सगळ्यात चिवट होती, आठवते?”

आठवत होतं. न आठवायला काय झालं!

भावना त्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होती. सहायक हे आपलं नावाला. बुरश्यांचं खाणं, म्हणजे माध्यम, शिजवणं, काचसामान धुणं-भाजणं आणि फ्रीजमधल्या बुरश्या जिवंत ठेवणं, ही तिची नोकरी. लोक गायी-म्हशी पाळतात, माझी पोरगी बुरश्या पाळते, असं तिची आई शेजारणींना सांगायची, आणि वर म्हणायची, “दूध नाही देत, पण पगार देते.”

मयुरा खापा गावची. पीएच.डी. करत होती. नायटा, गजकर्ण, चिखल्या ज्या बुरश्यांमुळे होतात त्या खऱ्याखुऱ्या रोग्यांच्या अंगावरून घ्यायच्या, वाढवायच्या आणि आपल्याकडच्या झाडपाल्याच्या अर्कांनी त्या हटतात का ते पाहायचं, हा तिचा विषय. पद्धत तशी सोपी. प्लेटमध्ये खळीसारखं माध्यम ओतून थिजू द्यायचं, त्यावर बुरशी पसरायची, मधोमध छोटा खड्डा पाडायचा आणि त्यात अर्क सोडायचा. अर्कात दम असला तर खड्ड्याभोवती गोल मोकळी जागा राहते, बुरशी तिथे पाऊल टाकत नाही. दम नसला तर ती खड्ड्याच्या काठापर्यंत ऐसपैस हातपाय पसरते. रोग्यांची नावं कुठे लिहायची नाहीत. ज्याला त्याला नंबर. कडुनिंब, करंज, तुळस, तरोटा सगळे लावून झाले होते, आणि आता प्रबंध बांधायला देण्याआधी विभागप्रमुख सरांच्या सांगण्यावरून सगळ्या चाचण्या पुन्हा एकदा चालल्या होत्या.

चौदा नंबर म्हणजे इंदूबाई. भावनाची आई.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात मयुरा हुडकेश्वरला भावनाच्या घरी जेवायला आली होती. इंदूबाईंच्या कमरेला, नेमकी लुगड्याची गाठ बसते तिथे, नायट्याचा चट्टा उठला होता आणि त्या बोलता बोलता सारख्या खाजवत होत्या. मयुराचे डोळेच चमकले. संशोधन करणाऱ्यांचं असंच असतं. दुसऱ्याला खाज सुटली की यांना आनंद. जेवण झाल्यावर तिने पिशवीतून बोथट पातं काढलं आणि चट्ट्याच्या कडेची कोंड्यासारखी साल काळ्या कागदावर पाडून घेतली.

“हे काय करून राहिली वं ही?” इंदूबाईंनी विचारलं.

“तुझा नायटा कॉलेजात नेऊन राहिली आई. तिथं वाढवतील त्याले.”

इंदूबाई आधी बघतच राहिल्या आणि मग जे हसायला लागल्या, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “मले बापानं चवथीतून काढलं! आता पाहा, मी नाही गेली त माहा नायटा चालला कॉलेजात! मयुरा, नीट शिकव वं त्याले. नापास नको करू.”

मग त्यांनीच तरोट्याचं सांगितलं. भावनाचे वडील देवराव खापरखेड्याच्या वीजकेंद्रात होते, तेव्हा तिथल्या क्वार्टरांतल्या सगळ्या बायका इंदूबाईंकडून तरोट्याचं औषध न्यायच्या. बिया ताकात वाटायच्या आणि लावायच्या. मयुरा नको नको म्हणत असताना त्या चिखलातून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गेल्या आणि काखेत मावेल एवढा तरोटा उपटून घेऊन आल्या. तसा तरोटा प्रबंधात आला. गंमत अशी की बाकीच्या नंबरांवर त्याने बऱ्यापैकी काम केलं, आणि चौदा नंबरपुढे मात्र हात टेकले. खड्ड्याभोवती जेमतेम नखाएवढी जागा मोकळी राहिली.

“तुझा नायटा तरोट्याले आयकत नाही आई,” भावनाने घरी येऊन सांगितलं.

“माहा आहे नं तो. कसा आयकन!” इंदूबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांच्या तोंडावर असा काही रुबाब होता की पोरगा मॅट्रिक झाला तेव्हाही नसेल.

पण घरात तेव्हा दुसरीच लढाई चालू होती. इंदूबाईंची साखर. कित्येक वर्षांची जुनी साखर होती ती, किडन्या थकवून बसली होती. डॉक्टरांनी गोड बंद म्हणजे बंद सांगितलं आणि भावनाने ते असं काही अमलात आणलं की जेलरनेही तिच्याकडून शिकावं. साखरेचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप. गूळ घरात नाही. शेजारच्या यमुताईंनी मोठ्या प्रेमाने संत्रा बर्फी आणून दिली, ती डब्यासकट परत. यमुताई चार दिवस बोलल्या नाहीत.

“इतकूसा तुकडा दे वं,” इंदूबाई म्हणायच्या. “जिभेवर ठेवीन नुसता.”

“नाही आई. चारशेच्या वर गेली आहे.”

“मरताना का साखर मोजते का कोणी?”

“मरत नाही तू. मी आहे न.”

मी आहे न! असं म्हटल्याने कुणी थांबलं असतं तर काय पाहिजे होतं. हिवाळ्यात इंदूबाई गेल्या. शेवटी शेवटी, दवाखान्यातल्या खाटेवर, त्यांनी गोड मागणंही सोडून दिलं होतं, आणि भावनाला तेच जास्त लागलं. मागत होत्या तोवर नाही म्हणता तरी येत होतं.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पुण्याहून भाऊ आला, संघपाल. वंदना झाली, चार जण आईबद्दल बरं बोलले, पंगती उठल्या. जेवणात बुंदी होती. लोक पुन्हा पुन्हा मागून घेत होते आणि भावना वाढत होती. तिच्या स्वतःच्या घशाखाली एक दाणा उतरला नाही.

“एकटी कशी राहशीन तू?” संघपालने जाताना विचारलं. “चाल पुण्याले.”

“कॉलेज आहे न माहं.”

“हो. ते त आहेच,” तो म्हणाला, आणि पुन्हा काही त्याने विचारलं नाही. भावनाने लग्न केलं नव्हतं. आधी वडिलांचं आजारपण, मग भावाचं शिक्षण, मग आईची साखर, असं करता करता ते राहून गेलं, आणि राहून गेलेल्या गोष्टीबद्दल घरात कुणी बोलायचं नाही अशी रीत पडली. आता बोलायला घरात कुणी नव्हतंच. संध्याकाळी फोन वाजला तर तो कर्ज हवं का विचारणाऱ्या पोरीचा असायचा. भावना तिलाही बोलत ठेवायची. कुठून बोलतेस, जेवलीस का, सुट्टी कधी असते. पोरगी बिचारी गडबडून फोन ठेवून द्यायची.

सुट्टी संपवून ती कॉलेजात आली, फ्रीज उघडला, आणि नळ्यांच्या रांगेत तिला चौदा नंबर दिसली. वरून पांढरी, मऊ; पाठीमागून लालजर्द. भावनाने ती नळी बाहेर काढली. आईची खाट अडगळीत गेली होती, लुगडी वाटून झाली होती, चष्मासुद्धा कुणीतरी मागून नेला होता. आणि आईच्या अंगावरचं हे एवढंसं मात्र जिवंत होतं, वाढत होतं. ती नळी मुठीत धरून फ्रीजच्या दारात कितीतरी वेळ उभी राहिली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईला उकडत असेल.

बुरश्या सांभाळायचा नियम असा, की त्यांना फार खाऊ घालायचं नाही. दोन-तीन महिन्यांनी जरासा तुकडा नव्या नळीत टाकायचा, तोही बेताच्या माध्यमावर. आणि प्रत्येकीची एक जोड शुद्ध पाण्यात बुडवून ठेवायची, जिथे खायला काहीच नसतं. उपाशी राहिली की बुरशी आहे तशी राहते, वर्षानुवर्षं. खाऊ घालत गेलं की बिघडते. हे विभागातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही माहीत. बाकी सगळ्या नंबरांची पाण्यातली जोड भावनाने केली होती. आई दवाखान्यात असताना चौदाची करायला बसली आणि तिथून फोन आला. हातातलं टाकून ती धावली. नंतर करता आली असती. एका दुपारी तिने पाण्याची छोटी बाटली उघडलीही, पण हात पुढे जाईना.

हिलाही उपाशी ठेवू?

आणि मग तिने जे केलं ते नोकरीत इतकी वर्षं घालवलेल्या बाईने करायला नको होतं. चौदासाठी वेगळं माध्यम शिजवलं. नेमापेक्षा दुप्पट ग्लुकोज घातलं, आणि वर आणखी एक चमचा. त्या गोड माध्यमावर तिने चौदाचा तुकडा ठेवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा नवी नळी. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. दुपारी सगळे जेवायला गेले की ती बर्नर पेटवायची, सुई लाल होईतो तापवायची, निववायची, आणि बुरशी उचलून नव्या नळीत ठेवताना पुटपुटायची, “घे आई. खा.” बुरशी काय, तिला कुठे कळतं! मिळेल ते खात सुटली. भराभरा वाढायची, नळी भरून टाकायची. भावनाला ते पाहून इतकं बरं वाटायचं की घरी जाताना बसमध्येही ती जरा हसऱ्या तोंडाने बसलेली असायची.

दिवाळीच्या सुमारास तिला दिसलं की पाठीमागचा लाल रंग उतरतोय. तिने स्वतःची समजूत घातली, उजेड कमी आहे. मग समजूत घातली, नवी नळी आहे, येईल रंग. मग नळी उलटी करून पाहणंच सोडून दिलं.

“ताई?” मयुराने प्लेट खाली ठेवली. “दुसरं काही मिसळलं असन का? का नळ्या बदलल्या?”

या पोरीची तीन वर्षं या प्लेटांमध्ये गेली होती. काहीतरी थाप मारता आली असती. मिसळलं असेल म्हटलं असतं तरी चाललं असतं. भावना स्टुलावर बसली.

“नाही मिसळलं. बस वं जराशीक.” मयुरा बसली नाही. “मी दर आठवड्याले बदलत होती तिले. गोड माध्यमावर.”

“दर आठवड्याले? तीन महिन्यांचं आहे न आपलं?”

“हो.”

“अन् गोड काहून?”

भावनाने ती प्लेट उलटी करून पाहिली. मग एकदम म्हणाली, “मी आईले बर्फी नाही दिली मयुरा. शेवटपर्यंत नाही दिली.”

मयुराला आधी राग आला, आणि तो यायलाच हवा होता. “ताई, प्रबंध आहे माहा तो! सरले काय सांगू मी? मागच्या वर्षीचा आकडा खरा का आत्ताचा खरा?” ती खोलीत एक चक्कर मारून आली. प्लेट उचलली, पुन्हा ठेवली. मग तिला काहीतरी आठवलं आणि तोंड उजळलं. “पाण्यातली जोड आहे न? मग काही टेन्शन नाही. त्यातून काढू न वापस, असली चौदा.”

“बाकीच्यांची आहे.”

“अन् चौदाची?”

भावनाने मान हलवली. मयुरा मग बसली.

सर आले, त्यांनी प्लेट पाहिली, नळ्या पाहिल्या. माणूस वाईट नव्हता, ओरडला नाही. “होतं असं जास्त लाड केले की,” एवढंच म्हणाले. “चौदा वगळून टाका. का वगळली ते एका ओळीत लिहा. आणि या नळ्या आजच्या आज ऑटोक्लेव्हमध्ये घाला, भावनाताई. बिघडलेली बुरशी फ्रीजमध्ये नको, बाकीच्यांत गेली तर सगळंच जायचं.” सरांना चौदा म्हणजे चौदा. ती कुणाच्या कमरेवरून आली हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मयुरानेही त्या वेळी सांगितलं नाही. ते मीटिंगला निघून गेले.

भावनाने चौदाच्या सगळ्या नळ्या टोपलीत काढल्या. शेवटची नळी मात्र हातातच राहिली.

“ही आईवालीच आहे न पण?” तिने विचारलं. हे तिला स्वतःला समजत नव्हतं अशातला भाग नाही, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला ऐकायचं होतं.

“आईवालीच आहे,” मयुरा म्हणाली. “पण आता ती तशी नाही राहिली ताई. लाल रंग वापस नाही येत.” ती उठून जवळ आली. दाराकडे एकदा पाहिलं. “असं करा, ही एक ठेवा. आपण पाण्यात टाकून देऊ. मागच्या खणात राहीन. सरले मी सांगत नाही.”

“राहीन का पण?”

“राहीन न. दहा वर्षं बी राहीन. फक्त काही द्याचं नाही तिले.”

मयुराने कपाटातून पाण्याची छोटी बाटली आणली, झाकण सैल केलं आणि बर्नरजवळ ठेवली. पाणी अगदी नितळ होतं. भावना त्या पाण्याकडे पाहत राहिली. दहा वर्षं. मागच्या खणात, अंधारात, गारठ्यात, नुसत्या पाण्यावर. अधूनमधून आपण खण उघडायचा, आहे ना ते पाहायचं, आणि बंद करायचा. तिच्या डोळ्यांपुढे दवाखान्यातली खाट आली, आणि काही न मागता छताकडे लागलेले आईचे डोळे.

“नाही,” ती म्हणाली.

“ताई, विचार करा. मग नाही भेटत.”

“मालूम आहे मले.” तिने बाटलीचं झाकण लावून टाकलं. “उपाशी नाही ठेवत मी तिले आता. एक डाव ठेवली तेवढं पुरे झालं. जाऊ दे आज.”

तिने ती नळीही टोपलीत ठेवली. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच, फक्त त्यात डाळ-तांदळाऐवजी जंतू शिजतात. टोपली आत उतरवली, झाकणाचे पेच समोरासमोरचे आवळत आणले आणि बटण दाबलं. वाफ फुसफुसायला लागली. एरवी या वेळात ती बाकीची कामं उरकून घ्यायची. आज ती ऑटोक्लेव्हपाशी स्टूल ओढून बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. मयुराच्या चाचण्या अर्ध्यावर होत्या, तरी तीही दुसरं स्टूल घेऊन तिच्या शेजारी बसली.

दाबाचा काटा खाली आला, झाकण निवलं. नळ्या बाहेर काढल्या तेव्हा माध्यम वितळून पिवळसर पाणी झालं होतं आणि ती मऊ पांढरी कापसासारखी साय तळाशी चोळामोळा होऊन पडली होती. भावनाने एकेक नळी मोरीत ओतली.

“द्या, मी धुते,” मयुरा बाह्या सरसावत म्हणाली. “तुमी बसा.”

आईला शेवटची आंघोळ घातली त्या दिवशीही बायकांनी तिला असंच धरून बाजूला बसवलं होतं. तुझ्याच्यानं नाही होणार पोरी, तू बस, असं म्हणून. ती बसली होती, आणि पडद्यापलीकडे पाण्याचा आवाज ऐकत राहिली होती.

“नाही,” भावना म्हणाली. “मी घालते.”

मयुराने हात मागे घेतला. भावनाने घमेल्यात नळाचं पाणी सोडलं, त्यात गरम पाण्याची किटली रिकामी केली, कोपर बुडवून पाणी किती ऊन झालं ते पाहिलं. फार कढत नको, फार गारही नको. मग तिने पहिली नळी हातात घेतली आणि हळू हाताने धुवायला सुरुवात केली.